पस्तिशीच्या आत

१९ नोव्हेंबर, अमरावती

मेजर! सहा नंबरच्या खाटेवर गेले आठ दिवस एक मेजर झोपली होती आणि मी तिला "आजी, सुई टोचते हं" म्हणत होते.

माणिकबाई नाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अकोल्याच्या. इथं भाचीकडे आल्या आणि पाय घसरून पडल्या. आज डिस्चार्जचे कागद भरताना व्यवसाय विचारला, तर म्हणाल्या, "मेजर लिही. सैन्यात नर्स होती मी. अठ्ठावीस वर्षं." मोठे डॉक्टर बाजूलाच उभे होते. त्यांनी खिशातले हात बाहेर काढले. मी बारा वर्षं या दवाखान्यात आहे. माझ्यासमोर कुणी खिशातून हात काढलेला नाही.

जाताना त्यांनी माझं वय विचारलं. चौतीस, म्हटलं. "पस्तीसपर्यंत घेतात. मग काहून बसून राहिलीस?"

२० नोव्हेंबर

काल हसण्यावारी नेलं. आज तीन सलाइन लावताना तेच डोक्यात.

८ डिसेंबर

सैन्याच्या नर्सभरतीची जाहिरात आली होती. अर्ज भरला. वैवाहिक स्थिती — घटस्फोटित. अपत्य — एक. इथंच अडेल असं वाटलं होतं. अडलं नाही, पुढचं पान उघडलं.

संध्याकाळी राजापेठेत आईजवळ जाऊन बसले. बाबा गेल्यापासून तीस वर्षं ती तिथं फुलं विकते. त्याच फुलांवर मी नर्स झाले आणि शेखर, माझा भाऊ, इलेक्ट्रिशियन. घटस्फोटानंतर खुशीला घेऊन मी परत आले तेव्हाही आईनं एक प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला. "अन् खुशी?" मी टोपलीतले हार सरळ करायला लागले. ती गिऱ्हाइकाकडे वळली.

रात्री जेवतानाही विषय काढला नाही तिनं.

१४ जानेवारी

नागपूरला पेपर देऊन आले. सगळ्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरी. एकीनं मला विचारलं, "मॅडम, आमचा हॉल कोणता?" तिला वाटलं मी परीक्षा घ्यायला आलेय. तिला हॉल दाखवला आणि तिच्याच मागच्या बाकावर जाऊन बसले. तिची मान केवढी वळली!

२ फेब्रुवारी

पास.

३ फेब्रुवारी

खुशीला सांगितलं. अकरा वर्षांची आहे, सगळं कळतं. म्हटलं, मुलाखतीत निवड झाली तर आईला बाहेरगावी जावं लागेल. कुठं, ते सैन्यवाले ठरवतील. तिनं ऐकून घेतलं आणि वही उचलून मामाच्या खोलीत जाऊन बसली.

११ फेब्रुवारी, अकोला

दर दुसऱ्या रविवारी खुशी तिच्या पप्पांकडे जाते, जठारपेठेत. आज मीही गेले. योगेशला समोरासमोर सांगायचं होतं. पाच वर्षांत आमचं भांडण विरून गेलंय, त्यामुळे तो ओरडला नाही. चहा ठेवला. मग म्हणाला, "तू जा. मी तुले अडवून नाही राहिलो. पण पोरगी माह्याकडे राहीन. तू ड्युटीवर असशील तवा तिच्याजवळ कोण बसन, सांग."

ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्याचं चुकलं काहीच नव्हतं.

मुलाखतीला जायचं नाही. ठरलं.

१२ फेब्रुवारी

काल अकोल्यातच लिहून वही मिटली, पण खरं बोलणं नंतर परतीच्या बसमध्ये झालं. ते लिहायचं धाडस आज झालं.

मुर्तिजापूर मागे पडल्यावर मी खुशीला म्हटलं, नाही जात मी कुठं. तिला बरं वाटेल म्हणून. आठ दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. खिडकीतून तोंड वळवून म्हणाली, "म्हणजे मंग तू सगळ्याईले सांगशील, खुशीपायी गेली नाही. मले नको तसं."

बडनेरा आलं.

मग तीच म्हणाली, "मले फक्त कोणी इचारलंच नाही. मले तुह्यासंग यायचं हाय."

मुलाखतीला जाणार. पुढचं पुढं.

३ मार्च

पहाटे मैदानावर धावायला लागलेय. मेडिकलच्या हिशोबानं तीन किलो जास्त आहेत माझे. आज न थांबता दोन फेऱ्या. शेखर मोटरसायकलवर बसून मोजत होता, तोंडात टूथब्रश.

२७ मार्च, दिल्ली

मोठं टेबल, पाच जण. एका बाईंनी विचारलं, एकदम वीस जखमी आले आणि तुम्ही दोघीच नर्स असाल, तर आधी कुणाकडे जाल?

गेल्या उन्हाळ्यात वऱ्हाडाची गाडी उलटली, तेव्हा आमच्याकडे सतरा जण एकदम आले होते. ती दुपार डोळ्यांसमोर आली. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "जो चिल्लाता है, उसका सांस चालू है. मैं पहले चुप पडे हुए के पास जाती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कितने बचे थे?" सतराच्या सतरा, म्हटलं. सांगताना पाठ आपोआप ताठ झाली. बारा वर्षांत असं काही कुणी मला विचारलंच नव्हतं.

२९ एप्रिल

मेडिकल झालं. वजन बरोबर.

१८ जून

निवड झाली! लेफ्टनंट. यादीतलं स्वतःचं नाव शेखरकडून वाचून घेतलं. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

दुपारी राजापेठेतून येत होते. आईची पाठ माझ्याकडे होती. समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "माही मंजुषा लेफ्टनंट झाली." सावकाश, एकेक अक्षर नीट लावून. शेखर सांगतो, सकाळपासून तिनं तो शब्द त्याच्याकडून घोटून घेतला. मला मात्र घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "जेवली का?"

मी हाक न मारताच निघून आले होते. रस्त्यावर डोळे पुसत चालायची ही माझी पहिलीच वेळ.

२ जुलै

पोस्टिंग जोधपूर. क्वार्टर मिळणार आहे. पण ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. खुशीला एकटं कसं ठेवू? योगेशचा प्रश्न तसाच उभा आहे, मी पाच महिने तो टाळला. शेवटी योगेशला फोन केला. वर्षभर खुशी अकोल्यात राहील. त्यानं जठारपेठेजवळची शाळा बघून ठेवली आहे.

खुशी रडली नाही. आपले कपडे वेगळ्या बॅगेत भरायला लागली. मी वर्दीची मापं देऊन आले होते, आनंद व्हायला हवा होता.

५ जुलै

आई आज दुपारी दोनलाच घरी आली. सोमवारपासून दुकानात बसायला शेखरच्या बायकोला सांगितलं. खुशीची बॅग उघडून तिचे कपडे माझ्या बॅगेत ठेवले, वर आपली दोन लुगडी.

"तिकडं हिंदीच बोलतात न?"

हो, म्हटलं.

"येते मले हिंदी."