निळ्या चिठ्ठीतला कारणाचा रकाना

हल्लीची मुले मनाने फार त्रासलेली आहेत असे सगळेच म्हणतात, आणि शाळेतल्या समुपदेशन कक्षात मुलांसाठी ठेवलेली खुर्ची मात्र बहुतेक वेळा रिकामी असते. या दोन्ही गोष्टी हे वाचणाऱ्याने पाहिल्या असतील. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे कोडे सोडवायला मला सोळा वर्षे लागली, आणि उत्तर सापडले तेव्हा त्याखाली माझीच सही होती. माझ्या मालमत्तेची पुढील व्यवस्था त्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवात मालमत्तेपासून न करता कोड्यापासून केली आहे. वकिलांनी याला हरकत घेतली. ती ऐकून घेतली आहे.

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, अविवाहित, पदार्थविज्ञानाची शिक्षिका आणि पुढे उपमुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात माझ्या सर्व ठेवी शाळेला देऊन माझ्या नावाने ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्कार सुरू करावा असे लिहिले होते. निकषांमध्ये ‘कधीही तक्रार न करणारा’ असे शब्द होते. ते मीच घातले होते, आणि घालताना मला समाधान वाटले होते.

कलम २. मी राहते ते दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर माझ्या धाकट्या भावाला द्यावे. न्हाणीघराच्या भिंतीतला ओलावा वरच्या मजल्याच्या नळामुळे आहे, आपल्या नळामुळे नाही. वरच्यांनी कितीही सांगितले तरी त्याने खर्च अंगावर घेऊ नये. गेली सोळा वर्षे आम्ही बहीणभाऊ नळ, वीजबिल आणि दातांचे डॉक्टर यांच्यापलीकडे काही बोललेलो नाही. त्याचे कारण कलम ४ मध्ये आहे. त्याने ते एकट्याने, बसून वाचावे.

कलम ३. माझे दोन लोलक, अ‍ॅमीटर, नादकाट्यांचा संच आणि तारांची पेटी शाळेच्या निवृत्त प्रयोगशाळा सहायकांना द्यावी. त्यांना सगळी शाळा मामा म्हणे. या वस्तूंचा खरा उपयोग त्यांनाच ठाऊक आहे, आणि तो इथे समजावून सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

दर वर्षी मी वर्गात एक विद्युत परिपथ नेत असे. सेल ताजा, बल्ब चांगला, आणि उजेड नाही. आदल्या दिवशी मामांनी त्यातला एक सांधा सैल करून ठेवलेला असे. कोणता, ते मलाही सांगत नसत. मुले आधी बल्बवर संशय घेत. मी तोच बल्ब दुसऱ्या परिपथात लावून पेटवून दाखवी. मग सेलवर संशय. तोही तपासून दाखवी. शेवटी एखादी मुलगी एका टोकापासून सुरुवात करी, एकेक सांधा दाबून बघे, आणि कुठेतरी अचानक उजेड पडे. तेहतीस वर्षे तो क्षण पाहताना माझ्या अंगावर काटा आला आहे. मी मुलांना सांगत असे की ओळीने जोडलेल्या सांध्यांपैकी एक जरी सुटला तरी उजेड शून्य होतो. सहा सांधे घट्ट आहेत म्हणून थोडा तरी उजेड पडेल, अशी सवलत निसर्ग देत नाही.

हे मी शिकवले. मला ते आले नाही.

कलम ४. शाळेत समुपदेशन कक्ष सुरू झाला, तेव्हा मुले तास बुडवायला तिथे जाऊन बसतील अशी धास्ती शिक्षकांच्या खोलीत सर्वांनाच होती. नियम करायचे काम माझ्याकडे आले. मी ते हौसेने केले. निळ्या कागदाची एक चिठ्ठी तयार केली. मुलाने ती वर्गशिक्षकांकडून मागून घ्यायची, कारणाचा रकाना भरायचा, वर्गशिक्षकांची सही, पालकांची सही, कार्यालयाचा शिक्का, वऱ्हांड्यात विचारतील त्यांना दाखवायची, आणि कक्षाच्या वहीत नाव लिहून आत जायचे. सात पायऱ्या. आमच्या संस्थेच्या शाळा चालवणाऱ्या समितीला ही चिठ्ठी इतकी पसंत पडली की सगळ्या शाळांसाठी तेच धोरण झाले. आजही तीच चिठ्ठी चालते.

माझी भाची तेव्हा नववीत, माझ्याच वर्गात होती. घरी मी तिची आत्या, शाळेत मॅडम. हा नियमही माझाच. एका मंगळवारी मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली.

“आत्या, सही पाहिजे होती.”

“शाळेत काय म्हणायचं?”

“मॅडम.”

कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘कशातच बरं वाटत नाही.’

“कशातच म्हणजे नेमकं कशात?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही हे कारण झालं का? डॉक्टरकडे गेलीस तर कुठे दुखतंय ते सांगतेस ना?”

तिच्या मागे दोन मुली वह्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक हसली. मी लाल शाईने लिहिले, ‘कारण अस्पष्ट. पुन्हा भरून आणावी.’ ‘अस्पष्ट’खाली रेघ मारली.

शुक्रवारी ती नवी चिठ्ठी घेऊन आली. अक्षर सुरेख. कारण: ‘गणिताची भीती वाटते.’

“बघ, आता कसं नेमकं झालं,” मी म्हणाले.

कारण नेमके, म्हणून उपायही नेमका केला. तिला कक्षात न पाठवता शनिवारच्या गणिताच्या जादा तासाला बसवले. समुपदेशक बाईंचा वेळ वाचला. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिले की कक्षात एकही गंभीर प्रकरण आले नाही, यावरून विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य उत्तम असल्याचे दिसते. संमेलनात हे वाक्य वाचले तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या हिवाळ्यात भाची सात आठवडे रुग्णालयात होती. काय झाले ते तिचे आहे. माझ्या मृत्युपत्रात ते लिहिण्याचा मला अधिकार नाही. ती वाचली, एवढेच लिहिते. रुग्णालयाच्या जिन्यात भाऊ भेटला. त्याच्या हातात तिचे धुवायचे कपडे होते. तो म्हणाला, “ताई, तू तर रोज तिच्यासमोर होतीस. तुला काहीच दिसलं नाही?”

मी म्हणाले, “नाही रे.”

हे खोटे होते. मला लेखी मिळाले होते, आणि मी ते दुरुस्तीसाठी परत केले होते. चिठ्ठीबद्दल मी त्याला सांगितले नाही, वहिनीला सांगितले नाही, कोणालाच नाही. भाऊ हे आज पहिल्यांदा वाचत असेल.

आणखी एक गोष्ट नोंदवायची आहे. त्या सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी ब्याण्णव गुण होते. गुणपत्रक माझ्याच खणात होते आणि बेरीज मी तपासली होती.

त्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, पाकिटात आहेत. पहिली तिने टाकून दिल्यावर मी वर्गाच्या कचऱ्याच्या टोपलीतून उचलली होती. दोन्ही भाचीच्या आहेत आणि तिलाच द्याव्यात. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे.

कलम ५. भाची आता तीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून चौकटीत बसवते. तिच्याइतका नीट चष्मा या भागात कोणी बसवत नाही, हे मी आत्या म्हणून नाही, प्रकाशशास्त्र शिकवलेली बाई म्हणून लिहीत आहे. गेल्या वर्षी ती माझ्या नाकावर चौकट बसवत होती, तेव्हा मी विषय काढला.

“तुला ती निळी चिठ्ठी आठवते का गं?”

“आत्या, मान हलवू नकोस. स्क्रू पडेल.”

मी मान हलवली नाही. तिने एक काडी किंचित वाकवली, आरसा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. मग हत्यारे आवरता आवरता म्हणाली, “गणित मला तेव्हाही आवडायचं.”

“मला माहीत आहे.”

“तेव्हा होतं माहीत?”

“कागदावर होतं.”

“हं,” ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. क्षमा मागायचे मी घरून पाठ करून गेले होते. ते तसेच पाठ घेऊन परत आले.

दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. आताचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

“ती निळी चिठ्ठी बंद करा,” मी म्हणाले.

“मॅडम, चिठ्ठी तुमचीच आहे. आम्ही नुसती पाळतोय.”

“माझी आहे म्हणूनच सांगतेय.”

“मग अर्ज द्या ना. मी समितीकडे पाठवतो. फक्त कारण सविस्तर लिहा हं, नाहीतर ते परत पाठवतात.”

अर्ज दोनदा परत आला. त्यावर काय शेरा होता, ते वाचणाऱ्याने ओळखले असेल. माझ्याच शब्दांत होता.

कलम ६. म्हणून बँकेतील माझ्या सर्व ठेवी शाळांच्या समितीला, केवळ समुपदेशनाच्या कामासाठी, पुढील अटीवर देत आहे. निळी चिठ्ठी सर्व शाळांतून रद्द व्हावी. मुलाला कक्षात जाताना नाव, कारण किंवा सही द्यावी लागू नये. आत गेल्यावर द्यावीशी वाटली तर द्यावी. कक्षाचा दरवाजा कार्यालयासमोर नसून जिथे मुले एरवीही जातात अशा जागी, वाचनालयाशेजारी किंवा मैदानाकडे, असावा. जिवाला धोका आहे असे समुपदेशकांना दिसले तर घरच्यांना कळवणे आलेच. ते काम समुपदेशकांचे आहे, चिठ्ठीचे नाही. समुपदेशक पगारी आणि पूर्णवेळ असावेत. शिवणाच्या बाईंना रिकाम्या तासाला बसवून चालणार नाही. माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात हे झाले नाही, तर सगळ्या ठेवी भावाला जाव्यात, आणि समितीने त्या का गेल्या हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावे.

मुले तास बुडवायला तिथे जाऊन बसतील, ही धास्ती आजही असेल. त्याचे उत्तर मी सोळा वर्षे घोळवून असे ठरवले आहे: बसू द्या. दहा मुले तास बुडवायला आली आणि अकरावी मुलगी खरीच आली, तर त्या दहा जणांमुळे अकरावीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ही गैरसोय नाही, हीच सोय आहे.

कलम ७. त्या कक्षात सहा वर्षे बसलेल्या समुपदेशक बाईंना माझी वाचनाची खुर्ची द्यावी. त्यांनी वाचनालयातली जागा मागितली होती. मी सर्वांसमोर विचारले, “दवाखाना आणि वाचनालय एकत्र करायचं म्हणता?” सगळे हसले. त्या म्हणाल्या, “मॅडम, आजारी पडायच्या आधी भेटावं म्हणून मी बसते.” मी विषय बदलला. सहा वर्षांत त्यांनी त्या खोलीत चार स्वेटर विणले. मी ते मोजले होते आणि नोकरी सोडताना त्यांना ऐकवलेही होते. विणायला वेळ कोणी दिला, ते ऐकवले नव्हते.

भाषेच्या सरांना माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते मला पाठीमागे ‘चिठ्ठीबाई’ म्हणत. कळल्यावर मी तीन वर्षे त्यांचे शेवटचे तास लावले, म्हणजे त्यांची घरी जायची गाडी चुकावी. नाव योग्य होते. घड्याळ रोज दोन मिनिटे पुढे जाते, तेव्हा आता गाडी मिळेल.

कलम ८. माझ्यासाठी शाळेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर भाषणांऐवजी कलम ४ मोठ्याने वाचावे. मधले गाळू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझ्या भाचीला नेमत आहे. कलम ६ मधली अट पुरी झाली की नाही, हे तिने एखाद्या शाळेत स्वतः चालत जाऊन ठरवावे. तिचा शब्द शेवटचा. मात्र हे मी तिला विचारलेले नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. त्यामुळे तिने नाही म्हटले, तर वकिलांनी दुसरा माणूस नेमावा. तिने हे काम का नाकारले, हे वकिलांनी, भावाने, वहिनीने किंवा समितीने तिला विचारू नये. तिने सही करायच्या संमतीपत्राचा मसुदा मी सोबत जोडला आहे. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच आहे. कारणाचा रकाना ठेवलेला नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त करून साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: आत्या, निवृत्त उपमुख्याध्यापिका

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या जिन्यावरच्या डॉक्टर. यांनी माझी बुद्धी तपासण्यासाठी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एका ठिकाणी त्यांचेच चुकले. त्यांनी मान्य केले.

साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे शिंपी. यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, म्हणूनच निवडले आहे. कलम ४ ऐकून ते म्हणाले, “बाई, हे लिहायलाच पाहिजे का?” मी हो म्हटले. त्यांनी सही केली.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुपारी चार वाजता

परिशिष्ट. समितीतल्या ज्या सदस्यांना हे सगळे अतिरेकी वाटेल त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे त्या कोणासाठीही, एक चाचणी देत आहे. साधन काही लागत नाही; एक हात पुरे. मूल आपल्या कामात असताना, त्याच्याकडे रोखून न बघता विचारा, “समज, उद्या शाळेत तुला कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी कोणाकोणाला सांगावं लागेल?” ते एकेक नाव घेईल तसतसे एक बोट मिटत जा. मधेच ‘का, तुला काय झालंय?’ असे विचारू नका. विचारलेत तर चाचणी रद्द, आणि आणखी एक बोट तुमच्या स्वतःच्या नावाने मिटा. एकही बोट मिटले नाही, तर परिपथ पूर्ण आहे. मिटले असेल, तर बल्बला दोष देऊ नका. मिटलेल्या पहिल्या बोटापासून सुरुवात करा.