बैठकीआधीचा समुद्र

बाबा,

सासरहून, उमरेडच्या एसटीतून उतरून मी एक पिशवी घेऊन नागपूरच्या आपल्या दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपातून नुकतेच येऊन हातपाय धूत होता. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचं साल असेल. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. आईनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या हनुवटीवरच्या काळ्यानिळ्या डागाकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली. तुम्ही पंच्याला हात पुसत एवढंच विचारलंत, "जेवली का वं?" मी मान हलवून नाही म्हटलं, तर तुम्ही स्वतः चुलीपाशी बसून माझं ताट वाढलंत. मग आत्या आली, शेजारच्या बाया आल्या. नवऱ्याचा हात उठतोच कधीकधी, पोरीनं सांभाळून घ्यावं, असं त्या माझ्यासमोरच बोलत राहिल्या. सासरची माणसं येणार, अंगणात बैठक बसणार, असंही ठरलं. ठरवताना मला कोणी विचारलं नाही.

आणि बैठकीला थोडे दिवस उरले असताना तुम्ही रेल्वेचा पास काढून आणलात. "पोरीले समुद्र दाखवून आणतो," म्हणालात. आई चिडली, "ह्या वख्ती? लोक काय म्हनतीन?" तुम्ही म्हणालात, "म्हनू दे. मी तरी कुठी पाह्यला समुद्र?" आई आली नाही. पण भिवापूरच्या मिरचीचं तिखट बाटलीत भरून तिनंच पिशवीत ठेवलं, तिकडचं जेवण आपल्याला अळणी लागेल म्हणून.

तुमच्याबरोबर काम करणारा एक फिटर डहाणूकडून बदलून आला होता. त्याच्या ओळखीच्या एक मावशी चिकूच्या वाडीत मागच्या दोन खोल्या भाड्यानं देत. मुंबईला गाडी बदलून आपण तिथे पोचलो. खोलीत दोन खाटा, भिंतीला एक खुंटी, दाराबाहेर विहीर. पहिल्या दिवशी उजाडायच्या आत मी सवयीनं उठले आणि चुलीकडे निघाले. मावशी म्हणाल्या, "अगं, झोप जा. चहा झाला की हाक मारते." मी खाटेवर येऊन बसून राहिले. कोणी हाक मारेपर्यंत बसायचं असतं, हेच मी विसरले होते. तिसऱ्या दिवशी मात्र उन्हं अंगावर येईपर्यंत झोपले, आणि उठले तर तुम्हीही झोपलेले. मी तुम्हाला दिवसाउजेडी झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. तोंड किंचित उघडं, आणि वर्कशॉपातलं तेल मुरून काळी झालेली बोटं पोटावर.

संध्याकाळी आपण सुरूच्या झाडांखाली जाऊन बसतो. बाहेरगावचे आपण दोघंच, बाकी सगळं गावच तिथे आलेलं असतं. कोणी सायकलवर दोन पोरं बसवून आलेला, कोणी घरूनच डबा आणलेला. बायका गोल करून वाळूत बसतात आणि पाणी पायांपर्यंत आलं की हसत मागे सरकतात. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहता, लाट आली की दचकता, आणि परत येऊन मोठ्या नवलानं मला सांगता, "पाह्य, हे लोक इथी येऊन काहीच नाही करून राहिले." मला हसू फुटतं. किती दिवसांनी हसले होते, बाबा. तुम्ही ते पाहिलंत आणि लगेच दुसरीकडे बघू लागलात.

एका दुपारी मावशींनी माशाचं कालवण वाढताना विचारलं, "लेकीला सासरी कधी पोचवणार?" मी आत हात धूत होते. तुम्ही कालवणात आईचं तिखट घालत म्हणालात, "पोरगी थकली आहे जी. थकलेल्या मानसाले काही इचारू नाही." मावशींनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या माझ्या पानात न विचारता जास्तीचा भात वाढायला लागल्या.

शेवटी मीच विचारलं. पाणी खूप मागे गेलं होतं, ओल्या वाळूत पोरं पळत होती. "बाबा, तुम्ही काहून काही विचारत नाही?" तुम्ही म्हणालात, "तुले सांगाचं असन तं सांगशीन." मग मी सांगितलं. तो मारायचा तेव्हा सासू उठून रेडिओ मोठा करायची, हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले वाईट वाटन म्हनून."

"मंग वाटू द्याचं होतं ना, पोरी."

एवढं म्हणून तुम्ही उठलात आणि पाण्याच्या दिशेनं एकटेच चालत लांब गेलात. परत आलात तेव्हा तोंड धुतलेलं होतं. खाऱ्या पाण्यानं कोणी तोंड धुतं का, असं तेव्हा मनात आलं होतं.

नागपूरला आलो आणि बैठक बसली. सासरची चार माणसं, विहारातले दोघं जाणते, आत्या. सगळे तुमच्याशीच बोलत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दीक्षा घेतली तवा मी माह्या मनानं घेतली होती. ही माह्या खांद्यावर होती. आता हिच्या मनाचं हिले इचारा. मी हिच्या वतीनं बोलनार नाही." सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "मी जात नाही." आत्या पुढे दोन वर्षं आपल्या घरी आली नाही. मी शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं, नोकरी केली, हुडकेश्वरला घर बांधलं. ते पाहायला तुम्ही नव्हता.

आता वस्तीतल्या बाया त्यांच्या लेकींना माझ्याकडे पाठवतात. बाई किती धीराच्या, एकट्या उभ्या राहिल्या, असं त्यांना सांगतात. मी ते ऐकून घेते. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. डहाणूला निघालो तेव्हा सासरी परत जायचं माझं मन झालेलं होतं, बाबा. तुम्ही त्या दिवसांत एकदा जरी 'जा' म्हणाला असता, तर मी गेले असते. परतीच्या गाडीत अकोला मागे पडलं तरी मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, आता म्हणाल, मग म्हणाल. तुम्ही खिडकीशी बसून शेंगा सोलत होता आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवत होता.