बोटभर वाट

२ एप्रिल

आलो एकदाचे! सामान उतरवून घेताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण घर बघून शीण गेला. खाली दोन खोल्या, वर दोन आणि सगळ्यांच्या खाली चक्क तळघर. रस्त्याकडच्या खोलीत माझा दातांचा दवाखाना मांडायचा, मागची खोली बाबांची. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून तर हे घर घेतलं. आई गेल्यापासून वर्षभर ते भिंतीकडे बघत बसायचे, दिवसाकाठी चार शब्द बोलले तर खूप. आज मात्र ट्रकवाल्यापासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारून झाल्या. मला फार बरं वाटलं.

दवाखान्याची खुर्ची लावल्यावर पहिला पेशंट म्हणून तेच बसले. खालच्या उजव्या दाढेवरची टोपी मी शिकत असताना बसवलेली, माझ्या हातची पहिलीच. जिभेकडच्या अंगाला तिच्यात एक खाच राहून गेली आहे. बदलून देते म्हटलं की म्हणतात, लेकीच्या पहिल्या कामाला हात लावायचा नाही. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला : झालं का, डॉक्टरीणबाई? चूळ भरू? मी नेहमीसारखंच म्हटलं, हो बाबा, भरा. अठरा वर्षं आमचं हेच चाललंय.

५ एप्रिल

घराला एक कीड निघालीच. तळघरात पायाच्या भिंतीला भेग आहे, माझ्या खांद्यापासून थेट जमिनीपर्यंत, बाबांच्या खोलीच्या बरोबर खाली. करंगळी आरामात आत जाते. तिच्यातून पाणी झिरपतं. पाऊस नाही, आमचे नळ बंद करून पाहिले, तरी झिरपतंच.

शेजारणीने तिच्या ओळखीच्या गवंडीकाकांना पाठवलं. सावकाश बोलणारा, हाताने काम करता करता विचार करणारा माणूस. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि तिच्याशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, शाबूत राहिली तर भरायला हरकत नाही. बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिथून सूचना देत होते. आयुष्यभर कधी खिळासुद्धा सरळ ठोकला नाही, पण गवंडीकाम त्यांना पाठ!

९ एप्रिल

काच शाबूत आहे. काकांनी काम उरकलं. छिन्नीने भेग मोकळी केली, कुजकं खरवडलं, धुतलं, सिमेंट ठासून भरलं आणि काचेची पट्टी परत जागच्या जागी चिकटवली. हे तर माझंच काम, फक्त हत्यारं मोठी! बाबा काकांना म्हणाले की दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या लेकीने भरून दाखवलं. काका हसले नाहीत.

तळाशी त्यांनी एक बोटभर भोक ठेवलं आणि त्यात नळीचा तुकडा बसवला. तिच्यातून पाणी थेंब थेंब पन्हळीत पडतं आणि बाहेर जातं. ही वाट कधी बुजवू नका, असं तीनदा बजावून गेले. पाण्याला वाट दिली की ते गुमान जातं, म्हणाले.

१४ एप्रिल

पाच दिवस ती टपटप ऐकते आहे. तळघर कोरडं आहे, मान्य. पण भरलेल्या दाताला भोक ठेवून कोण पेशंटला घरी पाठवतं? अर्धवट काम मला बघवत नाही, त्याला माझा इलाज नाही. दुपारी खाली गेले, नळी कापली, आत सिमेंट भरलं आणि वरून दवाखान्यातलं दात भरायचं सामान लावून घासलं. नख फिरवलं तर नखाला काही लागत नाही, इतकं गुळगुळीत. टपटप बंद.

बाबांना वर येऊन सांगितलं, तर म्हणाले, बरं.

१५ एप्रिल

बाबा आज गप्प गप्प आहेत. जबडा जड वाटतो म्हणाले. मी तपासलं, दात ठणठणीत. दगदगीने झालं असेल.

पट्टी तपासायला गेले. काच शाबूत आहे.

१७ एप्रिल

सकाळी बाबांना तोंड उघडता येईना. दातखीळ बसली आहे. जबड्याचंच काम करते मी, बोटं घालून, शेकून, औषध देऊन, माहीत होतं ते सगळं केलं. चमचासुद्धा आत जात नाही. ते माझ्याकडे बघतात आणि नाकाने श्वास घेतात. छातीत पाणी वाजतं.

डॉक्टर येऊन गेले. लगेच इस्पितळात न्या, म्हणाले.

१८ एप्रिल

नेता आलं नाही.

स्ट्रेचर उंबरठ्याबाहेर गेलं आणि बाबांचा श्वास थांबला. आत घेतलं, सुरू झाला. पुन्हा बाहेर नेलं, पुन्हा थांबला, ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेतले दोघे एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. ऑक्सिजनची टाकी ठेवून गेले.

दादाला फोन केला. तो निघतो म्हणाला, पण यायला तीन दिवस लागतील. त्याला काय सांगू? मी काय केलंय, ते मला आत्ता कुठे —

पू झालेला दात बंद करायचा नाही. आधी वाट करून द्यायची, निचरा होऊ द्यायचा, मग भरायचा. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी हजार वेळा पेशंटना सांगितलं आहे.

१९ एप्रिल

गवंडीकाका आले. माझं गुळगुळीत काम बघितलं, पिशवी खाली ठेवली, पण हत्यार काढलं नाही. आधीच्या मालकीणबाईंनी हेच केलं होतं म्हणाले. त्यांची सासू मागच्या खोलीत असायची. तेव्हा भोक काकांनीच फोडून दिलं होतं. पुढे काय झालं ते सांगेनात. मी ओरडले, आधी का नाही बोललात? शांतपणे म्हणाले, तीनदा बोललो. बाकीचं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता.

हसलेच असते.

मी त्यांचे पाय धरले. ह्या वेळी हात लावणार नाही म्हणाले, आणि डोळे पुसत गेले.

मग मीच हातोडी घेतली. एक घाव घातला. वर बाबा कण्हले, मिटल्या तोंडाने. दुसरा घातला. असा आवाज मी माणसाच्या नाकातून कधी ऐकला नव्हता. हातोडी टाकून वर पळाले. ओठांच्या कोपऱ्यातून गढूळ पाणी येत होतं.

फोडलं तर त्यांना लागतं, ठेवलं तर ते बुडतात. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्ही माझ्याच हातची. मला काहीच करता येत नाही. काहीच.

२० एप्रिल, सकाळ

दवाखान्यातलं ड्रिल. लांब वायर लावून खाली नेलं. हलक्या हाताने, अगदी हळू, जसं बाबांच्याच दाताला — वरून आवाज आला नाही. सुईएवढं भोक पडलं. मग थोडं मोठं. पाणी आलं. गढूळ, कोमट.

पाण्याबरोबर पन्हळीत काहीतरी पडलं.

दाढ. टोपीची. जिभेकडच्या अंगाला खाच.

२० एप्रिल, दुपार

बाबांचं तोंड उघडलं आहे.

आत दात नाहीत. जीभ नाही. घसा नाही. राखाडी आहे सगळं. मी नख फिरवलं. नखाला काही लागत नाही.

श्वास चालू आहे. डोळे माझ्यावर आहेत. मी माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली — त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या —

खालून कोणीतरी बोलतं आहे.

थोड्या वेळाने

तळघराच्या पायरीवर बसून लिहिते आहे. हात थांबला तर मी ओरडेन. काच फुटली आहे. तारखेच्या मधून भेग गेली आहे. भरलेलं सगळं गळून पडलं. आता हात जाईल आत. डोकं जाईल.

पाणी गुडघ्यापर्यंत आहे.

बाबांचा आवाज. आतून. वर्षभर जो ऐकायला मी तरसले होते, तोच, खुशीतला, जरा चेष्टेचा —

झालं का, डॉक्टरीणबाई? चूळ भरू?

मी बोलणार नव्हते. तोंडावर हात धरला होता. पण अठरा वर्षांची सवय — हो बाबा, भरा.

पाणी उतरतंय. गुडघ्यावरून घोट्यावर. सगळं भेगेत जातंय, परत, आत. जमीन दिसली. कोरडी.

भिंत फुगते आहे. दोन्ही बाजूंनी, गाल फुग