मोजकाठीच्या जागी

सोमवार
आले एकदाची! नोकरीतलं पहिलं स्वतंत्र काम, आणि तेही असं देखणं घर. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, दोन मजली, उंच खिडक्या, लाकडी कोरीव जिना. विद्यापीठाला ते पाडून तिथे वसतिगृह बांधायचंय. मी घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करायची, वारसा समितीने दर्जा द्यायचा, की घर वाचलं. नियम साधा आहे. यादीत ‘मूळ’ म्हणून नोंदलेली वस्तू जागची हलवायची नाही. नवी यादी मंजूर झाली की जुनी रद्द.

काम होईतो मुक्काम इथेच; शनिवारी संध्याकाळी घरी येते, असं चिऊला कबूल केलंय. लेक सहा वर्षांची, पण माझे वायदे माझ्यापेक्षा पक्के लक्षात ठेवते.

घर सांभाळणारे काका, पसरट कानांचे, भुवईवर जुना व्रण, गोड आहेत, फक्त महाआळशी! समोरच्या दुकानातून ब्रेड हवा असला तरी फाटकाच्या आतूनच विद्यार्थ्यांना हाका मारतात. मी चेष्टा केली, तर पाय दुखतात म्हणाले.

मंगळवार
सोळा नोंदी झाल्या. जिन्यापाशी आले तेव्हा लक्षात आलं की मोजकाठी ऑफिसातच राहिली. फोटोत वस्तूशेजारी काठी नसेल तर उंची कशी कळणार? स्वतःवरच वैतागले. काका म्हणाले, त्यात काय एवढं, तुम्हीच उभ्या राहा की, तुमची उंची तुम्हाला ठाऊक आहेच.

पटलं. ऑफिसचा कॅमेरा भलता हुशार आहे. समोर कुणी येऊन उभं राहिलं की लाल दिवा लावतो, दहा मोजतो, फोटो काढतो आणि थेट यादीत टाकतो. खांबावर डावा हात ठेवून ऐटीत उभी राहिले. फोटो क्रमांक सतरा. इतका छान आला की घरीही पाठवला. रात्री पूर्ण यादी समितीला पाठवली.

बुधवार
एका दिवसात मंजुरी! पहिला दर्जा! काकांना सांगितलं तर ते लहान मुलासारखे रडले. मग पिशवी उचलली, फाटकाशी क्षणभर थांबले, एक पाय बाहेर टाकून पाहिला, आणि पळत सुटले. पाय दुखतात म्हणे!

दुपारी कपाटात जुनी फाईल सापडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या यादीतही फोटो क्रमांक सतरा जिन्याचाच. खांबाशेजारी एक तरुण उभा. काकांचेच पसरट कान, भुवईवर तोच व्रण. खाली नोंद: जिना, कठडा, माणूस. मूळ.

नवी मंजूर यादी उघडली. क्रमांक सतरा: जिना, कठडा, बाई. मूळ.

कारकुनाच्या अकलेवर खूप हसले. मग हसू थांबलं.

गुरुवार
ब्रेड आणायला निघाले. फाटक ओलांडलं आणि जिन्यापाशी उभी होते, डावा हात खांबावर. परत गेले. परत तेच. तिसऱ्यांदा पळत गेले. धापा टाकत जिन्यापाशीच.

रस्त्यावर विद्यार्थी गप्पा मारत चाललेत. त्यांना हाका मारताना काकांचाच आवाज आठवला. भीती वाटतेय.

शुक्रवार
साहेबांना फोन केला. आधी हसले. मग म्हणाले, मंजूर नोंद रद्द होत नाही, फार तर बदलते. त्याच जागी दुसऱ्या कुणाचा फोटो आला की बदल आपोआप लागू होतो. मी फारच रडले तेव्हा रविवारी अकराला स्वतः येतो म्हणाले.

आज घराच्या दाराबाहेरही पडता येत नाही. काकांना आवार तरी मोकळं होतं; त्यांची यादी दुसऱ्या दर्जाची होती, पहिल्या दर्जाची पकड रोज आवळतेय.

शनिवार
स्वयंपाकघरही गेलं. फोनचा चार्जर तिथेच राहिला. आता फक्त जिन्याचा हा दिवाणखाना.

कॅमेरा जिन्यासमोर लावलाय. साहेब आले की म्हणेन, साहेब, जरा खांबावरचं कोरीवकाम जवळून बघा. ते उभे राहतील. दहा मोजून होतील. मी काय करतेय ते मला नीट कळतंय. त्यांनाही घर आहे, दोन मुली आहेत. तरी लावलाय.

घरी निरोप लिहिला: काम लांबलंय, येऊ नका. पाठवताना फोन बंद पडला. गेला की नाही, कोण जाणे.

संध्याकाळ झाली. चिऊ दाराशी बसली असेल.

रविवार
हात खांबावरून निघत नाही. बोटं ओढून पाहिली. पाय पण नाही. वही कठड्यावर ठेवून लिहितेय. कॅमेरा पाच पावलांवर, तिथवर पोचत नाही.

साडेदहा.

फाटक वाजलं. साहेब लवकर—

नाही. साहेबांची पावलं अशी नाहीत. लहान बूट. पळतायत.

चिऊ. मागून नवरा हसतोय, म्हणतोय बघ, आईला कसं चकित केलं—

ओरडतेय, इकडे येऊ नकोस, बाळा, लांब राहा. तिला खेळ वाटतोय. माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्यासारखाच हात खांबावर.

लाल दिवा.

ढकलतेय, हटत नाही, कमरेला मिठी— नवऱ्याला सांगतेय कॅमेरा पाड, तो म्हणतो, हसा की दोघी—

आठ

नऊ

माझा हात सुटला. देवा, माझा हात सु—