नितळ अर्क

मंगळवार, संध्याकाळ

१. लॅबमध्ये तपासणीला आलेल्या दिंडोरीच्या काळ्या द्राक्षांचा अर्क फार गडद होता. लॅबचे सर म्हणाले, रंग काढायला ग्राफीनची पावडर दुप्पट घाल. घातली.
२. अर्क पाण्यासारखा नितळ झाला. मशीनने फवारणीचं औषध शून्य दाखवलं. रिपोर्ट गेला.
३. मन मानेना, म्हणून दुसऱ्या अर्कात मुद्दाम औषध मिसळून तेवढीच पावडर घातली. पुन्हा शून्य.

म्हणजे पावडर रंगाबरोबर औषधही धरून ठेवते. मग पहिल्या शून्याला काय अर्थ उरला?

दुपारी, रिपोर्ट गेल्यावर, त्या द्राक्षबागेच्या मालकीण वहिनींचा फोन आला होता. "ताई, औषध नाय ना राहिलं? लेकरं लय खातात."

"नाही," मी म्हणाले.

"मग आज द्राक्षांची पाटीच ठेवते त्यांच्यापुढं!" त्या हसल्या.

आता फोन लावतेय. उचलत नाहीत.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, इतका नितळ अर्क कधी काढला होतास का? घरी जा."

तोच नितळपणा डोळ्यांपुढून हलत नाही. इतकं स्वच्छ काही असतं का?

सरांना आत्ताच लिहून पाठवलं: तो रिपोर्ट मागे घ्या. कमी पावडर घालून मी नमुना पुन्हा तपासते. उद्या, बुधवारी सकाळपर्यंत उत्तर द्या.