कंटेंड विथ, कंटेंड दॅट

६ ऑक्टो., सोम.
पहिली शिफ्ट. कंपनीची बस पुलावर आली तेव्हा वाशिष्ठी नदी दिसलीच नाही. नुसतं धुकं. शेजारी ऑफिसातल्या शिंदेताई. सीनियर केमिस्टच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू इंग्रजीत, म्हणून त्या मला रोज एक शब्द देतात. लोट्याची एमआयडीसी येईपर्यंत मी वाक्यं करायची. आजचा, कंटेंड. पुढे विथ आलं तर झगडणं, दॅट आलं तर ठासून सांगणं.
'आय कंटेंड विथ स्लीप.' ताई हसल्या. घाटात खरंच डोळा लागला.

७, मंगळ.
विथची वाक्यं भराभर सुचतात. उकाड्याशी, लॅबमधल्या वासाशी, न वाळणाऱ्या कपड्यांशी. दॅटचं एकही नाही. ताई म्हणाल्या, "अगं, ठाम असं काहीतरी वाटत असेलच ना तुला?" बाहेर पिवळी झालेली भातं. तेवढ्यात लोटे आलं.
घरी महेशचा फोन. लग्नापासून तो मुंबईत, मी चिपळुणात त्याच्या आईजवळ. डोंबिवलीत खोली मिळालीय. दिवाळीनंतर ये, म्हणाला. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, म्हणाला. इंटरव्ह्यूचं माझ्या ओठांवर आलं, पण...

९, गुरु.
इंटरव्ह्यू झाला. साहेबांनी विचारलं, इथेच राहणार ना? 'येस सर.' जणू दुसरीच कुणी बोलली.
परतताना बसमध्ये स्वप्न. नदीवर टेबल मांडलंय, मी ब्युरेटची काचनळी भरतेय, पाय भिजत नाहीत. काठावर महेश.
सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "जा नायतर रव गो. पण त्याला सांग. तो तिकडं खिडकी बघून बसलाय."

१०, शुक्र.
सांगितलं. फोनवर मराठी शब्दच फुटेना. 'आय कंटेंड दॅट आय शुड स्टे.'
हसला. "म्हणजे काय गं?"
दोन्ही अर्थ सांगितले. मग, "झगडतेयस की सांगतेयस?"
"सांगतेय."
"उद्या येतो."

१२, रवि.
काल आला. आज दोघं नदीवर. तो खोलीचं सांगत होता: सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. मलाही दिसलं ते ऊन. मग लॅबमध्ये मी नक्की काय करते, ते पहिल्यांदाच नीट विचारलंन. एका थेंबानं सगळं पाणी गुलाबी होतं, म्हटलं. "एका थेंबानं?" पाण्याकडे बघत राहिला. हात माझ्या हातात.
इंटरव्ह्यूचा निकाल नाही अजून.

१३, सोम.
बसस्टॉपवर सोडायला आला. बॅग खांद्याला, त्याची गाडी सकाळचीच.
"काय ठरवलंस?" मी.
"तुला ओढून न्यायचं नाही, एवढंच. पुढचं मला तरी कुठे कळतंय."
बस आली. खिडकीतून बघितलं. तो तिथेच उभा. स्टेशनकडे वळला नाही, घराकडेही नाही.