केर्तूच्या भिंतीवरचं वेटोळं

आदरणीय सेल्माताईस,

धाकट्या ताउनोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या टाम्पेरेत बर्फ काढायला माणसं येतात म्हणे. इथे बर्फही मीच काढतो आणि नंतर पाठही मीच चोळतो. प्रकृती उत्तम आहे. (खोकला आहे, त्याचं कारण पुढे येईल.)

तुझी शाळासोबतीण केर्तू तुला फोनवर काय म्हणाली असेल, याची मला कल्पना आहे. माझी चूक झालेली नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे उरलेलं तुला निवांत वाचता येईल.

तळ्याच्या धक्क्याशी पोहणाऱ्यांसाठी आम्ही बर्फात भोक राखतो, ते तू पाहिलं आहेस. ते गोठू नये म्हणून यंदा पाण्यात छोटा पंप सोडला, पायऱ्यांवर दिवा लावला. पाण्याजवळ घरची वीज न्यायची नाही, म्हणून पंप आणि दिवा नेटवर्कच्या केबलवर; तिच्यातून थोडी, सौम्य वीजही जाते. एका केबलला एवढं ओझं झेपत नाही, म्हणून दोन केबल: एक केर्तूच्या वाफेच्या न्हाणीतून, म्हणजे सौनातून, एक माझ्या घरून. गावकीचं काम, दोन घरं, निम्मं-निम्मं. (गावकीच्या कामात आपल्याकडे कोणी कोणाला हुकूम करत नाही आणि काही विचारतही नाही. घोटाळा तिथेच झाला.)

केर्तूची सौना धक्क्याला चिकटून, तिची केबल वीस मीटर. माझी, शेताला वळसा घालून, नव्वद. वीज आपल्यासारखीच, जवळची वाट सोडत नाही. बहुतेक भार केर्तूकडून येऊ लागला, तिचा वीज देणारा डबा दमून बंद पडला, सगळं ओझं माझ्या डब्यावर आलं आणि तोही बसला; पंप थांबला, दिवा विझला. दोघांनी उचललेल्या ओंडक्याचं एक टोक सुटलं की दुसरा पाय चेचून घेणारच. यात दुसऱ्याचा काय दोष?

दर शनिवारी आम्ही केर्तूच्या सौनात जमतो. एका शनिवारी आमच्या पाद्रीबाई अंधारात, पोहण्याच्या कपड्यांत, कठडा धरून पायऱ्या उतरल्या आणि बर्फावर उभ्या राहिल्या. "आज पाणी कडक आहे," एवढंच म्हणाल्या आणि परत सौनात आल्या.

केर्तू मात्र सौनाच्या बाकावर सगळ्यांसमोर बोलली. "ताउनो, तुझी केबल शोभेची आहे. ओझं माझ्या घरानं वाहायचं आणि वाफ तू घ्यायची. तुझं निम्मं येईपर्यंत शनिवारी येऊ नकोस." (माझी सौना गेल्या हिवाळ्यात खचली, हे तिला माहीत आहे. तेव्हापासून मी टबात बसून अंघोळ करतो असं कोणाला सांगू नकोस. खोकला त्याचाच.)

मी मोजून दाखवलं: चार हिस्से तिचे, एक माझा. उपायही सांगितला, तुझी केबल माझ्या केबलएवढी लांब करू, म्हणजे दोन्ही केबलींना सारखाच त्रास होईल आणि भार सारखा वाटला जाईल. तर म्हणते, "माझी केबल पोहोचते. पोहोचलेल्या पाहुण्याला कोणी मागे जाऊन लांबून ये म्हणतं का?"

मग मी विचारणं सोडलं. ती दुकानात गेली असताना सौनाच्या बाहेरच्या खोलीत सत्तर मीटर केबलचं वेटोळं टांगून जोडून आलो. टांगायला खुंटी एकच मिळाली, सौनात घालायच्या माझ्या लोकरी टोपीची. टोपी खिशात घातली. आता दोन्ही डबे निम्मं-निम्मं वाहतात, भोक उघडं आहे, पाद्रीबाई गळ्यापर्यंत उतरल्या. कोणी आभार मानले नाहीत. मी वाटही पाहिलेली नाही. त्या सौनात आता मी पाऊल टाकणार नाही, केर्तूनं बोलावलं तरीही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तुझा भाऊ,
ताउनो

ता. क. वेटोळं तिनं काढलेलं नाही. काल भार तपासायला गेलो होतो (दारातूनच पाहिलं). माझ्या खुंटीशेजारी भिंतीला ताजं भोक पाडलंय. भोक माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. केर्तूचा हात तिथवर जात नाही, स्टुलावर चढली असणार.

आणखी एक. दाजींनी बर्चच्या लाकडाच्या खुंट्या घडवल्या होत्या, त्यातली एक पाठव. अंगठ्याएवढ्या जाडीची, भोकात अंगठा घालून पाहिलाय. शनिवारच्या आत पोहोचली पाहिजे.